गप्प पडलेल्याकडे आधी

१५ एप्रिल २०२३. रमजान चालू होता. दहिवलीत सहरीसाठी घरं जागी होत असतील, त्या सुमारास बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ ढोल-ताशा पथकाची बस दरीत कोसळली. १३ जण गेले. जखमींना वर काढायला पोलिसांबरोबर खोपोलीच्या 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या गटाचे स्वयंसेवकही दरीत उतरले. यांना पगार नाही. फोन वाजला की निघायचं.

तीन महिन्यांनी, १९ जुलैच्या रात्री, इर्शाळवाडीवर दरड आली. वर जायला रस्ताच नव्हता. यंत्रं खाली राहिली, माणसं पावसात डोंगर चढली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत.

जखमी पुष्कळ आणि हात थोडे असले, की ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्याकडे आधी जायचं. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचं. मान-पाठ वळू न देता चौघांनी मिळून उचलायचं. पाणी पाजायचं नाही, आणि आपल्याकडे नेमकी त्याचीच घाई होते. घरातल्या मुलामुलींना, सुनांनाही हे माहीत हवं. १०८ ला फोन लावताना रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड वाचून सांगायचा, नाहीतर जवळचं देऊळ किंवा दर्गा.