पोकळीच्या कोठीत उपग्रह

वैशाखातल्या भर दुपारी बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात उतरणारा माणूस क्षणात निवतो. १६१५ च्या सुमारास खणलेल्या त्या भुयारात दगड, पाणी आणि हवा ही तिन्ही त्याच्या अंगातील उष्णता ओढून घेतात. उपग्रहाला यांपैकी एकाचीही सोबत नसते. उष्णता बाहेर टाकण्यास त्याला एकच वाट उरते, ती प्रारणाची. सूर्याकडील बाजू भाजते, सावलीतली गोठते. आणि एकदा उडालेल्या उपग्रहाकडे सहसा कारागीर धाडता येत नाही.

म्हणून त्याची कसोटी जमिनीवरच घ्यावी लागते. त्यासाठीची कोठी म्हणजे एक प्रचंड, हवाबंद पोलादी भांडे. बेंगळूर येथील अशा एका कोठीचा व्यास ९ मीटर आहे. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या कोट्यंशाहूनही कमी होईपर्यंत पंप चालतात. आत काळ्या रंगाचे दुसरे आवरण असून त्यातून उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन खेळवितात. अंतराळ तर उणे २७० अंशांचे! मग ही नक्कल अपुरी नव्हे काय? नव्हे. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलते. त्यामुळे एवढ्या थंड भिंतीकडून परतणारी उष्णता उपग्रहाच्या स्वतःच्या प्रारणाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भरते. काळा रंग एवढ्यासाठी की, आलेली उष्णता भिंतीने उलट फेकू नये. सूर्याचे काम झेनॉनचे दिवे करतात.

कसोटी संपताच दार उघडण्याची घाई मात्र भोवते. आधी भिंती उबदार करून कोरडा नायट्रोजन वायू आत सोडावा लागतो. नाही तर बाहेरच्या दमट हवेचे दव थेट नाजूक यंत्रावर जमावयाचे.

परंतु किती उष्णतेला यान टिकले पाहिजे, हा आकडा कोठी सांगत नाही. तो माणसानेच धरावयाचा असतो. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेले चांद्रयान-१ चंद्रापासून १०० किलोमीटरांवर फिरू लागले आणि त्याच नोव्हेंबरात त्याचे तापमान ५० अंशांपर्यंत चढले. एकीकडे सूर्य, दुसरीकडे तापलेली चांद्रभूमी. यान २० अंशांनी वळवून, काही उपकरणे बंद ठेवून ते ४० अंशांवर आणले गेले. चंद्राजवळची उष्णता धरलेल्या आकड्याहून अधिक निघाली, असे पुढे इस्रोतूनच सांगण्यात आले. मे २००९ मध्ये यान २०० किलोमीटरांवर नेले. २९ ऑगस्टला त्याचा संपर्क तुटला. योजना दोन वर्षांची होती.