छप्पर उडाले तर भरपाई, दार मिटले तर नाही

शापोरा नदीवरील पूल ओलांडून शिवोलीकडून चोपड्यात उतरले की पुढचा रस्ता मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरील गावांकडे जातो. पेडणे तालुक्याच्या या पट्ट्यात शेती आणि मासेमारीच्या जोडीला गेल्या काही दशकांत जो छोटा धंदा उभा राहिला, तो बव्हंशी पाहुण्यांवर बेतलेला आहे. घरामागे बांधलेल्या चार खोल्या, भाड्याने द्यावयाच्या दुचाक्या, रस्त्याकडेचे भोजनालय, किराण्याचे दुकान. ऑक्टोबर ते मे या महिन्यांत वर्षाची मिळकत करून घ्यावयाची आणि पावसाळा तिच्यावर काढावयाचा, असा येथला हिशेब. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्या हंगामाचे उरलेले दोन महिने खातेवहीतून पुसले गेले. पुढल्या वर्षी दुसऱ्या लाटेत, ९ मे २०२१ पासून, गोव्यात पुन्हा संचारबंदी आली.

ती चालू असतानाच, १६ मे रोजी, तौक्ते वादळाने गोव्याची किनारपट्टी झोडपून काढली. एकाच दुकानावर एकाच आठवड्यात दोन आपत्ती! ज्याने दुकानाचा अग्निविमा उतरविला होता, त्याला उडालेल्या पत्र्यांची आणि भिजलेल्या मालाची भरपाई मागता येत होती. सरकारी हुकमाने बंद राहिलेल्या त्याच दुकानाच्या बुडालेल्या मिळकतीपोटी मात्र त्या विम्यातून त्याला एक रुपयाही मागता येत नव्हता. हप्ता एकच, पॉलिसी एकच, मग हा भेद का, असा प्रश्न कोणाही दुकानदाराला पडावा आणि त्याचे उत्तर त्याला कोणीतरी सांगावे, हे ओघाने आलेच. ते फार थोड्यांनी सांगितले, म्हणून आज आम्ही या विषयाकडे वळलो आहोत.

अग्निविमा हे नाव मुळात अपुरे आहे. आगीबरोबर वादळ, पूर, दंगल अशा अनेक संकटांचा त्यात समावेश असतो. एका ठिकाणी पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या लहान धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसीही आली आहे. परंतु या सर्व पॉलिसींचा पाया एकच : वस्तूचे नुकसान. भिंत, छप्पर, यंत्र, माल यांना इजा पोहोचली पाहिजे. मिळकत बुडाली, विलंब झाला, गिऱ्हाईक तुटले, या गोष्टी अग्निविम्यात स्पष्टपणे वगळलेल्या असतात. नफ्याच्या नुकसानीचा निराळा विमा मिळतो, हे खरे. तथापि त्याची सर्वसाधारण अट अशी की नफा बुडण्याचे कारण विमा उतरविलेल्या मालमत्तेची हानी हेच असावे. विषाणूने चोपड्यातील एकही भिंत पाडली नाही.

यामागे केवळ कंपन्यांचा कंजूषपणा आहे, असे आम्हांस वाटत नाही. शंभर होड्यांपैकी एक उलटली तर उरलेल्या नव्याण्णव तिला सावरतात; विमा म्हणतात तो हाच. महासाथीत शंभरच्या शंभर एकाच वेळी उलटतात. कोणत्याही खासगी कंपनीची तिजोरी या भाराला पुरणार नाही.

आमची तक्रार निराळी आहे. लहान धंदेवाईक विमा उतरवितो तो पुष्कळदा बँकेचे कर्ज घेताना. हप्ता त्याच्या खात्यातून जातो, पॉलिसीचा कागद कर्जाच्या फायलीत जाऊन पडतो, आणि त्यातील इंग्रजी कलमे त्याने कधी वाचलेलीच नसतात. जुन्या प्रमाणित अग्निविम्यात एक कलम असे होते की इमारत सलग तीस दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिली आणि कंपनीची संमती घेतलेली नसली, तर तिचे संरक्षणच संपते. महिनोन् महिने कुलूप लावून बसलेल्या किती अतिथिगृहांच्या मालकांना हे ठाऊक होते? पावसाळ्यात खोल्या बंद ठेवणे हा तर येथला दरवर्षीचा शिरस्ता आहे. तेव्हा आपल्या चालू पॉलिसीत असे काही आहे काय, हे प्रत्येकाने आजच पाहावे.

घरच्या माणसांच्या विम्याबाबतही असाच घोटाळा झाला. बँकेतून वर्षाला किरकोळ रक्कम कापली जाणाऱ्या दोन सरकारी योजना पुष्कळांना एकच वाटतात. पैकी जीवनज्योती योजना कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूनंतर दोन लाख रुपये देते, म्हणजे कोविडच्या मृत्यूनंतरही. सुरक्षा योजना केवळ अपघाताची आहे.

इंग्लंडमध्ये हाच वाद निराळ्या वाटेने गेला. तेथील काही पॉलिसींत मालमत्तेच्या हानीची अट नव्हती. परिसरात सांसर्गिक रोग उद्भवल्यास धंद्याची नुकसानी मिळेल, असे शब्द होते. कंपन्यांनी तरीही हात वर केले, तेव्हा तेथील नियामक संस्था स्वतः लहान विमेदारांच्या बाजूने न्यायालयात गेली आणि १५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुतांश मुद्द्यांवर विमेदारांना न्याय दिला. न्याय मिळाला तो छापलेल्या शब्दांमुळे. आपल्याकडच्या साध्या अग्निविम्यात ते शब्दच नाहीत, म्हणून तो निकाल दाखवून येथे दावा मिळेल, अशी आशा कोणी बाळगू नये. मात्र जेथे दावा रास्त असूनही नाकारला जातो, तेथे विमा लोकपालाकडे जाण्याचा मार्ग एकट्याच्या मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांनाही खुला आहे.

महासाथीसाठी सामाईक निधी उभारण्याचा विचार करण्याकरिता विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२० मध्ये एक कार्यगट नेमला होता. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यानंतर पुनर्विमा मिळेनासा झाला, तेव्हा २००२ मध्ये भारतीय कंपन्यांनी दहशतवादाच्या जोखमीसाठी असाच निधी उभा केला. अणुभट्ट्यांसाठीचा निधी २०१५ चा. अणुभट्टीला जे जमते ते खानावळीला का जमू नये? त्यात शासनाचा हात लागेल, हे उघड आहे. ज्या राज्याचा कारभार पर्यटकांच्या येण्याजाण्यावर इतका विसंबून आहे, ज्याने पेडण्यातच मोपा येथे दुसरा विमानतळ उभारला, त्या गोवा सरकारने ही मागणी केंद्राकडे सर्वांआधी करावयास हवी. दरम्यान पॉलिसीतील मुख्य अटी मराठीत आणि कोंकणीत छापून देण्याची सक्ती करण्याकरिता कोणत्याही महासाथीची वाट पाहण्याचे कारण नाही.

हंगामापूर्वी पॉलिसीच्या नूतनीकरणासाठी कंपनीचा प्रतिनिधी येईल. सरकारी हुकमाने दुकान बंद राहिले तर काय मिळेल, हा प्रश्न त्याला दुकानदारांनी लेखी विचारावा, आणि उत्तरही लेखीच घ्यावे.