वर्गासाठी काय आणलंत?

जूनमध्ये शाळा उघडली की घणसोली गावातल्या आई-बाबांना टेन्शन: पोराच्या वर्गासाठी काय न्यायचं? वर्गात चाळीस मुलं, म्हणजे वीस रुपयांची कीचेनसुद्धा आठशेला पडते! (आणि किल्ल्या कुठल्या पोराकडे असतात?) कोकणातून परतताय? मग सावंतवाडीच्या चितार आळीत डोकवा. रंगीत लाकडी भोवरे छोटे, टिकाऊ आणि चक्क खेळता येणारे. चिक्की सोपी, पण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल नुसतं बघत बसतं.

मात्र वाटायचं तर सगळ्यांना. ज्या आगरी-कोळी मुलांचं गाव घणसोलीच, ती सुट्टीत गावाला जाणार कुठे? बजेट कमी असेल तर सगळ्या वर्गाला मिळून एकच मोठा भोवरा द्या. मधल्या सुट्टीत नंबर लावून फिरवतील!