‘लहानपणी मार कुणी नाही खाल्ला?’

ऑकलंडच्या आग्नेयेला ईस्ट टामाकी आहे. एका अंगाला हायब्रूकचे कारखाने आणि गोदामं, दुसऱ्या अंगाला फ्लॅट बुश आणि बॉटनीची नवी घरं, आणि शेजारीच ओटारा. मेथॅम्फेटामिनला इथे सगळे नुसतं ‘पी’ म्हणतात. त्याची बातमी आली की आपल्या मराठी घरांतून एक वाक्य ऐकू येतं: “हे तिकडचं, ओटाराकडचं. आपल्यात असलं नसतं.” बालपणीच्या अत्याचाराचा विषय निघाला तरी शब्द तेच असतात. दोन्ही ठिकाणी ते खोटं आहे, आणि या खोट्याची किंमत आपलीच माणसं मोजतात.

अत्याचार आणि व्यसन यांचं नातं जगापुढे ठळकपणे आलं ते झोपडपट्टीतल्या पाहणीतून नव्हे. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ साली सॅन दिएगोतल्या कायझर पर्मनेन्टे या आरोग्यविमा संस्थेच्या नऊ हजारांहून अधिक सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही बहुतेक शिकलेली, विमा असलेली, मध्यमवर्गीय माणसं होती. मारहाण, लैंगिक अत्याचार, अपमान, आईला होणारी मारझोड, घरातल्या कुणाचं व्यसन अशा अनुभवांपैकी चार किंवा त्याहून अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, ड्रग्ज, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त आढळला. भारताच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल दिला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. “मुलग्याला काय होतंय?” हा प्रश्न त्या आकड्यापुढे उभा राहू शकत नाही. व्यसनमुक्ती केंद्रांत भरती होणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष असतात. त्यांच्यातल्या किती जणांना त्यांच्या बालपणाबद्दल कुणी कधी विचारलं असेल?

न्यूझीलंडने हा प्रश्न स्वतःला फार उशिरा विचारला. सरकारी आणि चर्चच्या संस्थांतल्या मुलांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अंतिम अहवाल २४ जुलै २०२४ रोजी संसदेत आला. १९५० ते २०१९ या काळात सुमारे ६,५५,००० जण अशा देखरेखीखाली होते आणि त्यांतल्या दोन लाखांपर्यंत जणांवर अत्याचार झाला, असा त्याचा अंदाज आहे. लेक अ‍ॅलिस मनोरुग्णालयात तर १९७०च्या दशकात मुलांना शिक्षा म्हणून विजेचे झटके दिले गेले. आठवणी बधिर करण्यासाठी दारू आणि ड्रग्ज जवळ केल्याचं किती तरी जणांनी आयोगापुढे सांगितलं. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पंतप्रधान क्रिस्टोफर लक्सन यांनी संसदेत माफी मागितली.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येतो, कारण तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. मार खाल्लेले बहुसंख्य लोक व्यसनी झाले नाहीत हे खरंच आहे. याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर याच देशात मिळतं. १९७७ साली क्राइस्टचर्चमध्ये जन्मलेल्या १,२६५ बाळांच्या आयुष्याचा माग संशोधक तेव्हापासून घेत आले आहेत. डेव्हिड फर्ग्युसन यांच्या गटाने २००८ साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार, बालपणी सर्वांत गंभीर स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झालेल्यांमध्ये १६ ते २५ या वयात मानसिक विकारांचं प्रमाण इतरांच्या २.४ पट होतं. या विकारांत व्यसनाधीनताही मोजली होती. घरची गरिबी, आईवडिलांचे तंटे, पालकांची व्यसनं हे सगळं हिशेबात घेऊनही हा दुवा टिकला. कठोर शारीरिक माराच्या बाबतीत प्रमाण दीडपट होतं, पण घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तो दुवा बराच क्षीण झाला.

याचा अर्थ मार निरुपद्रवी असतो असा कुणी काढू नये. जिथे मूल सतत मार खातं तिथे बहुधा दारू असते, आईची भीती असते, पैशाची ओढाताण असते. यातला एकच धागा ओढून मोजणं अवघड होतं, एवढंच. शिवाय शिस्तीच्या नावाखाली मुलावर बळ वापरण्याची पालकांना असलेली कायदेशीर सबब न्यूझीलंडने २००७ सालीच काढून टाकली. पण सगळ्या माराला आणि सगळ्या अत्याचाराला एकच माप लावलं, तर ज्याची जखम खरोखर खोल आहे त्यालाही “मार कुणी नाही खाल्ला” हेच उत्तर मिळतं, आणि तो पुन्हा गप्प बसतो.

व्यसन म्हणजे मनाच्या निग्रहाचा अभाव, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट रुजली आहे. पण शरीरात घडतं ते वेगळंच. धोका जाणवला की शरीर सावध होतं, कॉर्टिसॉल वाढतं, छाती धडधडते, आणि धोका टळला की ते पूर्ववत होतं. पण धोका ज्याच्यापासून आहे तो माणूस त्याच घरात राहत असेल, तर मुलाच्या शरीराला पूर्ववत व्हायला सवडच मिळत नाही. सावधपणा हीच त्याची नेहमीची अवस्था होते. पुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी दारूचा पेला किंवा गांजाची चिलीम हाती येते, आणि आयुष्यात पहिल्यांदा आतला गलका थांबतो. गर्दसारखे अफूजन्य पदार्थ तर मेंदूत नेमक्या त्याच जागी काम करतात जिथे शरीराची स्वतःची वेदनाशामकं करतात. सोबतच्या पोरांसाठी ती मजा असते, याच्यासाठी ती सुटका असते. म्हणून “सोड रे, इच्छा हवी” हा सल्ला त्याला पोचत नाही.

याच्या उलटा गैरसमजही तितकाच क्रूर आहे: अत्याचार झाला, म्हणजे हा वाया जाणार. लग्नाच्या बोलणीत ही शंका नुसती कुजबुजली तरी मुलीचं आयुष्य अवघड होतं. वर सांगितलेले आकडे समूहाचे आहेत. खुद्द अँडा यांनी २०२० साली बजावलं की अशा अनुभवांची बेरीज करून एखाद्या व्यक्तीचं भवितव्य ठरवू नये. विश्वास ठेवणारं एक माणूस, वेळेवर मिळालेली मदत, उशिरा सुरू झालेलं सेवन यांनी धोका कमी होतो.

“खरं असतं तर आधीच सांगितलं असतं,” असंही म्हणतात. क्राइस्टचर्चच्याच मुलामुलींना १८ व्या आणि २१ व्या वर्षी तेच प्रश्न विचारले गेले. अत्याचार झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी एखाद्या वेळी तो सांगितलाच नाही, असा संशोधकांचा अंदाज निघाला. मौनावरून किंवा बदललेल्या उत्तरावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही.

उपचारांतला एक समज तर कार्यकर्त्यांमध्येही असतो: आधी वर्षभर व्यसनमुक्त राहा, मग जुन्या जखमेबद्दल बोलू, नाहीतर घसरशील. कॅथरिन मिल्स यांच्या गटाने ऑस्ट्रेलियात १०३ जणांवर केलेली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आघात आणि व्यसन या दोहोंवर एकत्र उपचार केले गेले. आघाताची लक्षणं अधिक कमी झाली आणि व्यसन वाढलं नाही. अर्थात हे काम प्रशिक्षित थेरपिस्टचं आहे. नातेवाइकांनी माणसाला समोर बसवून आठवणी उकरून काढणं म्हणजे उपचार नव्हेत.

ईस्ट टामाकीतल्या वाचकाने एक बारकावा माहीत करून घ्यायला हवा. लैंगिक अत्याचारातून झालेल्या मानसिक इजेवरच्या थेरपीचा खर्च इथे एसीसी ही सरकारी अपघात-भरपाई संस्था देते, घटना कितीही जुनी असली तरी. पोलिसांत तक्रार केलेली असण्याचीही अट नाही. पण अत्याचार न्यूझीलंडमध्ये झालेला असावा लागतो, किंवा परदेशात झाला असेल तर त्या वेळी व्यक्ती इथली रहिवासी असावी लागते. म्हणजे साताऱ्यात किंवा नाशकात बालपणी जे घडलं, ते मनात घेऊन इथे आलेल्या माणसासाठी हा दरवाजा बंद आहे. मला हा अन्याय वाटतो. आपल्या मंडळांनी त्याबद्दल खासदारांशी बोलायला हवं.

व्यसनावरचे उपचार मात्र घटना कुठे घडली हे विचारत नाहीत. नागरिक, रहिवासी आणि दोन किंवा अधिक वर्षांच्या वर्क व्हिसावरचे लोक सरकारी आरोग्यसेवेला पात्र असतात. ऑकलंडची ‘कॅड्स’ ही दारू आणि ड्रग्जसाठीची सेवा मोफत आहे आणि तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः जाता येतं. दारू-ड्रग्ज हेल्पलाइनचा नंबर ०८०० ७८७ ७९७ आहे. १७३७ वर फोन किंवा मेसेज केला तर समुपदेशकाशी बोलता येतं. इंग्रजीत हे सगळं सांगणं जड जात असेल तर दुभाषा मागावा. आरोग्यसेवा घेणाऱ्यांच्या हक्कांच्या १९९६च्या संहितेत, जिथे गरज आणि शक्यता असेल तिथे दुभाष्याची तरतूद आहे. दुभाषा ओळखीतला नको, दुसऱ्या शहरातून फोनवर बोलणारा हवा, असं आधीच सांगून ठेवलेलं बरं.