मुलाची शिंक, मुलीचा दमा

तुमसर तालुक्यातल्या चिखल्याला मँगनीजची भूमिगत खाण आहे. तिथे घरातलं पोर सारखं शिंकू लागलं, तर आधी खाणीच्या धुळीवर संशय जाणं साहजिक आहे. खनिजाची धूळ नाकाला, घशाला, छातीला त्रास देतेच. पण शिंकांची ॲलर्जी बहुधा जडते ती प्रथिनांची: गादीतल्या धूळकिड्यांच्या विष्ठेची, झुरळांची, बुरशीची, गाजरगवताच्या परागकणांची. शरीर या निरुपद्रवी प्रथिनांना शत्रू समजतं आणि त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ प्रतिपिंडं बनवतं. ही झाली ॲलर्जीची पूर्वतयारी. ती रक्तात असूनही काहीजण ठणठणीत असतात.

या पूर्वतयारीत मुलगे पुढे आहेत.

स्टॉकहोममध्ये १९९४ ते १९९६ दरम्यान जन्मलेल्या ४,०८९ बाळांचा संशोधकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. चौथ्या, आठव्या, सोळाव्या आणि चोविसाव्या वर्षी त्यांचं रक्त तपासलं. हवेतून येणाऱ्या घटकांविरुद्धची आयजीई मुलग्यांत जास्त सापडली, आणि तरुणपणीही हा फरक टिकून राहिला.

दम्याचं गणित मात्र मध्येच उलटतं. लहानपणी धाप लागते ती मुलग्यांना अधिक. वयात आल्यावर दमा मुलींत आणि बायकांत वाढतो. ‘आयझॅक’ या जागतिक पाहणीच्या पहिल्या टप्प्यात ५६ देशांतल्या १३-१४ वर्षांच्या ४,६३,८०१ मुलामुलींना लक्षणं विचारली गेली; अकोला आणि पुण्यातली मुलंही त्यात होती. पारडं फिरतं ते साधारण याच वयात.

कारणं अनेक आहेत. लहान मुलग्यांच्या श्वासनलिका फुप्फुसांच्या मानाने अरुंद असतात. वाढीच्या वयात ही उणीव भरून निघते. टेस्टोस्टेरॉन ॲलर्जीची सूज भडकवणाऱ्या काही पेशींना आवर घालतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. काही स्त्रियांचा दमा पाळीच्या आधीच्या दिवसांत बळावतो.

म्हणून ‘बाळदमा आहे, वयात आला की जाईल’ हा दिलासा मुलग्यांच्या बाबतीत बऱ्याचदा खरा ठरतो. मुलींच्या बाबतीत त्यावर विसंबणं धोक्याचं. चौदा वर्षांची मुलगी पळताना थांबत असेल, रात्री खोकत असेल, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नये. फुंकर मारून करायच्या तपासणीत फुप्फुसाची ताकद कळते. हातावर थेंब टाकून हलकं टोचलं, तर ॲलर्जी कशाची हे पंधरा-वीस मिनिटांत उठणाऱ्या गांधीवरून समजतं. त्रास पाळीच्या सुमारास वाढतो का, हेही डॉक्टरांना न लाजता सांगावं. औषधाचा डोस ठरवताना त्याचा उपयोग होतो.