डोंगरातले खून आणि आमचे सभासद

सकाळी ७.३०

शटर वर जायच्या आत पायरीवर तिघे-चौघे उभेच असतात. ते पेपर वाचायला येतात, पुस्तकांच्या कपाटांकडे त्यांची कायम पाठ. पेपर मांडले, पंखे लावले, की काउंटर माझ्या ताब्यात. आज महिन्याचा वाचक कट्टा आहे, आणि पुस्तक आहे पोलंडच्या ओल्गा तोकार्चुक यांचं 'ड्राइव्ह युवर प्लाऊ ओव्हर द बोन्स ऑफ द डेड'. मूळ पोलिश कादंबरी २००९ची, अँटोनिया लॉइड-जोन्स यांचा इंग्रजी अनुवाद २०१८चा. कोल्हापुरात आमच्याकडे तिच्या दोनच प्रती, त्यामुळे नंबर लावून ती घरोघर फिरली.

काल रात्री परत आलेली प्रत उघडली आणि रबर शोधायला लागले. आमचे सभासद तोंडापेक्षा पेन्सिलीने जास्त बोलतात. पोलीस अधिकारी विहिरीत मेलेला सापडतो, भोवती हरणांच्या खुरांचे ठसे असतात. त्या पानाच्या कडेला कुणीतरी लिहिलंय, 'आमच्याकडे गवा'. ग्रहदशेच्या पानावर, 'पुढे चला'. इथवर चालतं. पण मध्यावर एका नावाखाली दोन रेघा, एक बाण आणि 'खुनी!' खोडलं. पेन्सिल इतकी दाबून चालवलेली, की ट्यूबलाइटखाली पान तिरपं धरलं तर अक्षरांचे खळगे दिसतातच. मग तसेच बाण आणखी तिघांच्या नावांपुढे काढून ठेवले. आता बसा ओळखत.

९.१५

दर कट्ट्याच्या दिवशी येतो तसा फोन आला. "मॅडम, संध्याकाळी येणार हाय, पण पुस्तक वाचून झालं न्हाई. थोडक्यात सांगा की."

थोडक्यात असं. पोलंडच्या दक्षिणेला क्वोद्झ्को नावाचा डोंगराळ भाग, चेक सीमेला लागून. पठारावर मोजकी घरं. उन्हाळ्यात शहरातले मालक येतात, हिवाळ्यात बर्फ आणि तिघंचौघं माणसं. त्यांतली एक साठीच्या पुढची यानिना दुशेइको. एके काळी पूल बांधणारी इंजिनिअर, आता गावातल्या पोरांना इंग्रजी शिकवते आणि बंद घरांच्या किल्ल्या सांभाळते. एका रात्री शेजारी दार ठोठावतो: चोरून शिकार करणारा दुसरा शेजारी मेलाय, घशात हरणाचं हाड अडकून. त्यानंतर एकेक माणूस मरत जातो, आणि मरणारे सगळे शिकारीशी संबंधित. बाई पोलिसांना पत्रांवर पत्रं लिहितात, की हे प्राणीच सूड घेतायत. उत्तर येत नाही.

"मग खुनी कोण?"

"साडेपाचला या," म्हटलं आणि फोन ठेवला.

११.००

पेन्शनर मंडळींची वेळ. कोर्टातून निवृत्त झालेले एक काका बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेले, पुढे सुहास शिरवळकरांचा एकेक दारा बुलंद दोनदा वाचलेले. त्यांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं ते जरा जोरातच.

"पहिल्याच प्रकरणात मुडदा दिलाय, चांगलं झालं. पण पुढं तपास कुठाय ओ? पंचनामा न्हाई, जबाब न्हाई. ही बाई सूप करत बसती, भाषांतर करत बसती."

भाषांतर विल्यम ब्लेकच्या कवितांचं. बाईंचा एक तरुण मित्र ते करत असतो. कादंबरीचं नावही ब्लेकचंच. काकांचा आक्षेप अगदी चुकीचा नाही. थ्रिलर म्हणून हाती घेतलं तर मधली पन्नासेक पानं रेंगाळतात, हे माझंही मत. पण काका, तपास करणारं कुणी नाही यावरच तर अख्खी गोष्ट उभी आहे. पोलीस हालत नाहीत, म्हणून एक म्हातारी स्वतःच्या डोक्याने कोडं सोडवत राहते आणि आपल्याला तिच्याच डोळ्यांनी बघावं लागतं. तिच्या डोळ्यांवर किती विश्वास टाकायचा हेच रहस्य.

मागे रांगेत पत्रिका बघणारे काका उभे होते. त्यांना थांबवेना.

"कुंडल्या सगळ्या सायन पद्धतीच्या हायत. आपली निरयन. जवळजवळ चोवीस अंशांचा फरक पडतो! तिनं ज्याला एका राशीत बसवलाय, तो आपल्याकडं बहुतेक मागच्या राशीत जातो. मग मरणाचं भाकीत कसं जुळायचं?"

त्यांनी म्हणे वहीत पुन्हा मांडणी करून बघितली. जुळली का, हे सांगायला मात्र तयार होईनात. संध्याकाळी सांगतो म्हणाले. पूर्ण कादंबरी इतक्या गंभीरपणे घेतलेला दुसरा वाचक मला भेटायचा आहे.

दुपारी १.००

जेवणाची सुट्टी, म्हणजे दाखल नोंदवही. ड्युई वर्गीकरणात पोलिश कादंबरी ८९१.८५३ वर बसते. मंडळाच्या एका सदस्याचं म्हणणं होतं, की रहस्यकथांच्या कपाटात ठेवा म्हणजे खपेल. मी दोन प्रती दोन कपाटांत ठेवल्या. तोकार्चुक यांना २०१८चं नोबेल (जाहीर झालं २०१९च्या ऑक्टोबरात) मिळाल्यामुळे एक गठ्ठा वाचक 'साहित्य' म्हणून आला, दुसरा 'खून' म्हणून. दोन्ही गठ्ठ्यांचं निम्मं-निम्मं समाधान झालं.

थोडं विषयांतर: सार्वजनिक वाचनालयांचा कायदा करणारं देशातलं पहिलं संस्थान आमचं. कोल्हापूरचा कायदा १९४५चा, महाराष्ट्राचा १९६७चा. हे अनुदानाच्या अर्जात कुठे लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहून घेते.

३.३०

अभ्यासिकेतली एमपीएससीची मुलगी पाणी प्यायला बाहेर आली आणि माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाली, "मॅडम, मला त्या पत्रांनी त्रास दिला." तिच्या वडिलांनी सात-बाराच्या दुरुस्तीसाठी केलेले अर्ज तिनेच लिहिलेत. "बाईंच्या पत्राची भाषा बघा. अगदी व्यवस्थित, कलमं देऊन. म्हणूनच कुणी वाचत नसणार. वेडी ठरवायला सोपं जातं." कट्ट्याला ये म्हटलं तर टेस्ट सिरीज आहे म्हणाली. तिचं मत मी माझ्या वहीत उतरवून घेतलं. दिवसभरातलं सगळ्यात नेमकं तेच.

४.४५

खुर्च्या. चहाचा थर्मास. बल्ब एक गेलाय.

५.३०

सुरुवात नेहमीसारखी वातावरणापासून झाली. बर्फ आवडलं सगळ्यांना. मे महिन्यात वाचलेल्यांना जरा जास्तच. चंदगडकडच्या एका ताईंना हसू आलं ते फोनच्या प्रसंगाचं: त्या पठारावर मोबाइलला कधी पोलंडचं नेटवर्क मिळतं, कधी चेकचं. "आमच्याकडं माहेरी गच्चीवर गेलं की फोन कर्नाटकात जातो," त्या म्हणाल्या. दुर्गम म्हणजे काय, हे मग कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

नंतर राधानगरीकडचे सर बोलायला उभे राहिले. हायस्कूलला शिकवतात, घरचं थोडं ऊस-भुईमुगाचं रान आहे. "मी पुस्तक एका दमात वाचलं," ते म्हणाले, "आणि शेवटाला पुस्तक आपटलं. बाईला जनावरांचा कळवळा हाय, मान्य. पण तिच्या रानात डुक्कर शिरलं नव्हतं कधी. आमच्याकडं एका रात्रीत भुईमुगाचे वाफेच्या वाफे उकरून टाकतंय. गव्याचा कळप उसात बसला तर हाकलायचा कुणी? माळ्यावर राखण करायची, वनखात्याला कळवायचं, पंचनाम्याची वाट बघायची. तिथं शेतकरी एकबी बोलत न्हाई. सगळे शिकारी वाईट, सगळी हरणं देव."

शांतता झाली. दाजीपूरचं जंगल इथून लांब नाही. एके काळी ती कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीची जागा, आता गव्यांचं अभयारण्य. दोन्ही बाजू माहीत असलेली माणसं त्या खोलीत बसली होती.

उत्तर दिलं ते सीपीआर रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टरांनी. "सर, पण त्या पुस्तकातले शिकारी शेत राखायला जातायत का? कोण कोण हाय बघा. पोलिसांचा साहेब. कोल्ह्यांची फर विकणारा पैसेवाला. शिकारमंडळाचा अध्यक्ष. आणि चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रवचन देणारा पाद्री." शिकाऱ्यांचा संत म्हणून ह्यूबर्ट युरोपात पूजला जातो, त्याच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना होते, कादंबरीत बाई भर प्रवचनात उठून ओरडतात, तो हा प्रसंग. "त्यांची शिकार भुकेची नव्हे. मिरवायची हाय."

"मग खून बरोबर?"

"बरोबर म्हटलं का मी?"

इथून पुढे अर्धा तास शेवटावर गेला आणि तो मी लिहिणार नाही. पुढच्या नंबरवाल्यांचे शाप नकोत. एवढं सांगते, की खुनी कळल्यावर त्याला पकडून द्यायचं की नाही, यावर खोली उभी फुटली. कोर्टातले काका कायद्याच्या बाजूने. ज्योतिषकाकांनी वही काढली आणि जाहीर केलं, की निरयन मांडली तरी दोन माणसांचं मरण जुळतं, बाकीच्यांचं जन्मवेळेअभावी सांगता येत नाही. टाळ्या पडल्या. कुणीतरी आग्नियेश्का हॉलंड यांचा २०१७चा सिनेमा मोबाइलवर बघून आलं होतं, त्यांचं म्हणणं, पडद्यावर जंगल चांगलं दिसतं पण बाईच्या डोक्यातली बडबड ऐकू येत नाही. मला पटलं.

सगळ्यात मागे गांधीनगरचे सिंधी आजोबा होते. ते कट्ट्याला कधी चुकत नाहीत आणि क्वचितच बोलतात. मला वाटलं होतं, पोलंड म्हटल्यावर ते वळिवडे काढणार, आणि तसंच झालं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियात हद्दपार झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं बसवली. तेच आजचं गांधीनगर.

"आम्ही लहानपणी त्यांच्या खोलीत राहिलो," आजोबा म्हणाले. "भिंतीवर त्यांचे खिळे तसेच होते. आई त्यावर आपला फोटो लावायची नाही. म्हणायची, दुसऱ्याचं आहे. पुस्तकात ती बाई सगळ्यांची घरं उघडते, बघते, कुलूप लावते. मला खून फार लक्षात नाही राहिले. ती दुसऱ्यांच्या घरात एकटी फिरते ते राहिलं."

मी दुपारी नकाशा बघून ठेवला होता तो आता उपयोगी पडला. क्वोद्झ्कोचा तो सगळा भाग १९४५पर्यंत जर्मनीत होता, गावाचं नाव ग्लात्स. युद्धानंतर जर्मन लोकांना हाकललं गेलं आणि पूर्वेकडून उठवलेल्या पोलिश लोकांना त्यांच्या घरात आणून बसवलं. म्हणजे वळिवड्याला आलेले आणि त्या डोंगरात नेऊन बसवलेले, यांतली कितीतरी कुटुंबं मूळची त्याच पूर्वेकडच्या मुलखातली. तोकार्चुक हे पानोपानी सांगत नाहीत. पण ज्या पठारावर कुणाचीच मुळं तीन पिढ्यांपलीकडे जात नाहीत, तिथे इथली खरी हक्कदार जनावरंच, असं एका म्हातारीला वाटणं एकदम वेगळं दिसायला लागतं. राधानगरीचे सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे पुस्तकात पाहिजे होतं ओ, स्पष्ट."

७.४०

पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवायचं राहिलं होतं. कोर्टकाकांची अट: डोंगर चालेल, पण पोलीस हवेत आणि ते कामाला लागलेले हवेत. मी फ्रेंच लेखक बेर्नार मिनिए यांचं २०११चं 'द फ्रोझन डेड' सुचवलं. पिरेनीज पर्वतातला वीजप्रकल्प, भर हिवाळा, आणि वरच्या केबलकारच्या टोकाला लटकवलेला मुंडकं नसलेला घोडा. तपासाला पोलीस अधिकारी सेर्वाझ.

"परत जनावर?" सिस्टर म्हणाल्या.

"घोड्याची जन्मवेळ दिलीय का?" ज्योतिषकाका.

सर दारात चप्पल घालत होते, तिथूनच विचारलं, "मॅडम, त्यात तरी कष्टकरी माणूस कोण हाय का?"

"प्रकल्पावरचे कामगार आहेत. घोडा त्यांनाच पहिल्यांदा दिसतो."

"मग माझं नाव पहिल्या नंबरला लिवा," म्हणाले.