जॉगिंग म्हणजे शर्यत नव्हे

गेल्या दिवाळीनंतर एक शिक्षक सकाळीच दवाखान्यात आले. वय बावन्न, सात वर्षांपासून मधुमेह. "धावताना छातीत दडपल्यासारखं होतं, थांबलो की बरं वाटतं," म्हणाले. केव्हापासून धावता, असे विचारले तर उत्तर आले, "आठ दिवस झाले डॉक्टरसाहेब, भरतीच्या पोरांबरोबर जातो."

आपल्या वाशीत पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीची मुले-मुली धावताना दिसतात. भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, तेही घड्याळ लावून. विशीतल्या मुलांचे हे धावणे परीक्षेसाठी असते. सरांनी त्यांचाच वेग धरला होता. ईसीजी काढून मी त्यांना त्याच दिवशी सोलापूरला पाठवले.

वास्तविक जॉगिंगची चळवळ सुरू झाली ती सरांसारख्यांसाठीच. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे नामांकित धावपटूंचे प्रशिक्षक. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी सुवर्णपदके मिळवली. पुढे १९६२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ऑकलंड येथे जॉगर्स क्लब निघाला. त्यात पोट सुटलेले, पन्नाशी ओलांडलेले, इतकेच काय पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले लोकही होते. त्या काळी अशा रोग्याला आम्ही डॉक्टर मंडळी कित्येक आठवडे अंथरुणावरून उठू देत नसू! लिडियार्ड यांचा नियम साधा होता. शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे.

त्याच सुमारास अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे पाहुणे म्हणून गेले. वय एक्कावन्न. दुसऱ्यांना धावायला शिकवणारा हा माणूस टेकडीवर मागे पडला आणि सत्तरी ओलांडलेले एक हृदयरोगी गृहस्थ त्यांच्यासाठी थांबून गप्पा मारत राहिले. बॉवरमन वरमले. गावी, म्हणजे युजीनला, परतल्यावर त्यांनी लोकांना जॉगिंग शिकवले आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या सोबतीने त्यावर पुस्तक लिहिले.

त्यांचाच शिष्य स्टीव्ह प्रीफाँटेन. युरोपात त्याने धावण्यासाठी केलेल्या मऊ पायवाटा पाहिल्या होत्या. आपल्या गावातही तशी वाट हवी, असा त्याचा आग्रह होता. १९७५ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी तो मोटार अपघातात गेला. त्याच वर्षी युजीनच्या उद्यानात लाकडाचा चुरा पसरून ती वाट तयार झाली. आजही सामान्य नागरिक तिच्यावरून धावतात.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईत वांद्र्याला समुद्रकाठी आहे. तेथील कचरा टाकण्याच्या जागेवर हॉकी प्रशिक्षक ऑलिव्हर अँड्रेड यांच्या कल्पनेतून १९९० मध्ये जॉगर्स पार्क झाले. सुमारे ४०० मीटरची वाट, बस्स.

वाट मऊ का हवी? धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर पडतो. डांबर दबत नाही, माती थोडी दबते. शिवाय ऊस तोडणीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात फिरतात, त्यांच्यापुढे गुडघेदुखी परवडली! शाळेच्या मैदानाच्या कडेचे दगड आणि बाभळीचे काटे वेचून, मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवला तरी आपले काम भागेल. मैदान ८० बाय ५० मीटर असेल तर एक फेरी २६० मीटरची होते.

चाळिशी उलटली असेल किंवा मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकी काही मागे असेल, तर आधी तपासून घ्या. पहिले महिनाभर फक्त चाला. मग शंभर पावले धावा, दोनशे चाला. बोलताना धाप लागली की वेग कमी करा. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, दरदरून घाम फुटला, तर तिथेच थांबून दवाखाना गाठा. 'गॅस असेल' म्हणून सोडा पिऊन घरी बसू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी धावू नये, खिशात साखर ठेवावी. त्यांनी अनवाणी तर मुळीच धावू नये, कारण पाय बधिर असला की काटा मोडलेला कळत नाही.

सरांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली होती. तीत स्टेंट बसवला. हल्ली ते शाळेच्या मैदानावर रोज सहा फेऱ्या चालतात. धावायला केव्हा सुरुवात करू, असे दर भेटीत विचारतात. सोलापूरच्या डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही.